मूर्खांच्या बाजूने

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगितली आणि तेवढ्यावर न थांबता पढतमूर्खांसाठी वेगळा समास लिहिला. दोघांना एका पंगतीत बसवणे त्यांना मान्य नव्हते. माणूस पृथ्वी सोडून वर कसा गेला, तो इतिहास वाचताना हा भेद मला फार उपयोगी पडतो. तिथे मूर्ख भरपूर आहेत, पढतमूर्खही आहेत. शहाणी माणसे मला त्यात फारशी सापडली नाहीत, कारण शहाणा माणूस अशा वाटेला जातच नाही. म्हणून आज मी मूर्खांची स्तुती करणार आहे, आणि ती मनापासून करणार आहे.

सुरुवात शाळेतल्या मास्तरांपासूनच होते. रशियातल्या कलुगा गावी कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की नावाचे शिक्षक होते. लहानपणीच्या आजारात त्यांना ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. १९०३ साली त्यांनी रॉकेटने अंतराळात जाण्याचे गणित छापले. त्या वर्षी विमानसुद्धा डिसेंबरपर्यंत उडायचे होते. तिकडे अमेरिकेत क्लार्क विद्यापीठात रॉबर्ट गॉडार्ड भौतिकशास्त्र शिकवत. रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल, असे त्यांनी एका प्रबंधात मांडले आणि १३ जानेवारी १९२० रोजी न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात त्यांची हजेरी घेतली. निर्वात पोकळीत रॉकेटला रेटायला काही नसते, एवढे तर शाळकरी पोरांनाही कळते, असा त्या लेखाचा सूर होता. चूक संपादकांची होती. रॉकेट हवेला रेटत नाही. स्वतःच्या पोटातून सुटणाऱ्या वायूला रेटते, आणि हवा आड आली नाही तर ते अधिकच चांगले चालते.

१६ मार्च १९२६ रोजी गॉडार्ड यांनी ऑबर्न गावाजवळ एका नातेवाईक बाईंच्या शेतावर द्रवइंधनाचे पहिले रॉकेट उडवले. ते अडीच सेकंद उडाले, साडेबारा मीटर वर गेले आणि कोबीच्या वाफ्यात पडले. अडीच सेकंदांसाठी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवणाऱ्याला आपल्याकडेही घरचे लोक दुसरे काय म्हणतील? न्यूयॉर्क टाइम्सने आपली चूक छापून मान्य केली ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा गॉडार्ड यांना जाऊन चोवीस वर्षे होत आली होती.

पण गणिताने माणूस वर जात नाही. त्याचे शरीर किती सोसते, हे कोणीतरी सोसून दाखवावे लागते. गुरुत्वाच्या अठरा पट धक्का बसला की माणूस दगावतो, अशी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात वैमानिकी वैद्यकातली समजूत होती. अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी ती तपासायचे ठरवले. रुळांवर रॉकेटच्या जोराने धावणारी आणि मग एकदम थांबणारी एक गाडी होती. तिच्यात पुतळे बसवून झाले, प्राणी बसवून झाले. माणसाची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी हाताखालच्या शिपायाला पुढे केले नाही. स्वतःला बांधून घेतले. बरगड्या मोडल्या, मनगट मोडले, दातांतले चांदीचे भराव निखळले. तरी पुढच्या फेरीला तेच बसले.

१० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर त्यांची शेवटची फेरी झाली. पाच सेकंदांत ताशी सुमारे १,०१७ किलोमीटरचा वेग, आणि मग दीड सेकंदाच्या आत पूर्ण थांबा. शरीरावर गुरुत्वाच्या ४६ पट भार आला. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. या फेरीत डोळे जाऊ शकतात, हे त्यांना आधीच ठाऊक होते. म्हणून आंधळेपण आलेच तर कोणावर भार पडू नये, यासाठी ते दिवे घालवून अंधारात कपडे घालण्याचा सराव करत असत. स्टॅप यांची थोरवी मला त्या ४६ आकड्यापेक्षा या अंधारातल्या सरावात जास्त दिसते. त्यांना सगळे कळत होते आणि तरी ते गेले. पुढे त्यांच्या लक्षात आले, की हवाई दलाची माणसे विमानांपेक्षा मोटारींच्या अपघातांत जास्त मरतात. मग मोटारींना सुरक्षापट्टे बसवावेत म्हणून ते झटत राहिले. अठरा पटींनी मरायला हवा होता तो हा माणूस १९९९ साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला.

अमेरिकन हवाई दलातलाच जोसेफ किटिंजर त्याच परंपरेतला. अतिउंचीवरून बाहेर पडावे लागले तर वैमानिक जिवंत खाली येतो का, हा प्रश्न होता. नोव्हेंबर १९५९च्या पहिल्या उडीत छोट्या छत्रीची दोरी गळ्याभोवती गुंडाळली गेली, तो गरगर फिरत बेशुद्ध पडला आणि आपोआप उघडणाऱ्या छत्रीने वाचला. एवढे झाल्यावर घरी जायला हरकत नव्हती. १६ ऑगस्ट १९६० रोजी तो पुन्हा फुग्याखाली टांगलेल्या उघड्या पाळण्यात उभा राहिला आणि ३१ किलोमीटरवर गेला. वाटेत उजव्या हातमोज्यातला दाब गेला आणि हात सुजून निकामी झाला. खाली सांगितले तर परत बोलावतील, म्हणून वर पोचत आला तोवर तो गप्प राहिला. मग उडी मारली. साडेचार मिनिटे तो मुख्य छत्री न उघडता पडत होता. हाच प्रयोग रशियात करताना १ नोव्हेंबर १९६२ रोजी प्योत्र दोल्गोव गेला. बाहेर पडताना त्याच्या शिरस्त्राणाची काच पाळण्यावर आपटून तडकली आणि तेवढ्या भेगेतून प्राण गेला. अंतराळात गेलेला पहिला माणूस युरी गागारिन, त्याच्या यानातून बाहेर फेकणारी जी खुर्ची होती, ती आधी तपासणाऱ्यांत हा दोल्गोव होता.

आता पढतमूर्खांकडे वळतो. दोन्ही देशांतल्या जाणत्या मंडळींना एका गोष्टीची खात्री होती: वर जाणाऱ्या माणसावर विश्वास टाकता येत नाही. अमेरिकेच्या मर्क्युरी यानाच्या पहिल्या आराखड्यात समोर बघायला नीट खिडकीच नव्हती. खिडकीने वजन वाढते, भेगेचा धोका वाढतो आणि सगळे आपोआप चालणार असताना आतल्याने बाहेर बघायचे कशाला, असा तो हिशोब होता. निवडलेल्या सात वैमानिकांनी हट्ट धरला. खिडकी हवी, हाताने चालवायची सोय हवी. हिशोबात न बसणारा तो हट्ट मान्य झाला ते बरे झाले, कारण पुढे यंत्रणा बिघडल्या तेव्हा याच हातांनी आणि डोळ्यांनी याने खाली आणली.

रशियात ही शंका आणखी पुढे गेली. वजनरहित अवस्थेत, खाली पृथ्वी फिरताना पाहून माणसाचे डोके फिरेल आणि तो नको ती बटणे दाबील, अशी धास्ती होती. म्हणून व्होस्तोक यानाची हाताने चालवायची यंत्रणा कुलूपबंद केली. कुलूप तीन आकड्यांनी उघडे, आणि ते आकडे एका मोहरबंद पाकिटात. पाकीट यानातच ठेवलेले. ज्याला पाकीट फोडून आतला आकडा दाबता येतो तो शुद्धीवर आहे, असा युक्तिवाद होता. कागदावर तो बिनतोड आहे. प्रत्यक्षात यान कलंडले, रेडिओ गेला, हात थरथरू लागले, की त्या वेळी माणसाने पाकीट शोधायचे.

आकडा होता १२५. उड्डाणाच्या सकाळी यान बांधणाऱ्यांपैकी ओलेग इव्हानोव्स्की यांनी दार लावण्यापूर्वी तो गागारिनला गुपचूप सांगून टाकला. गागारिन हसला. आधीच कोणीतरी सांगून गेले होते. ज्या देशात सरकारी गुपित फोडणे म्हणजे काय हे प्रत्येकाला ठाऊक होते, त्या देशात ही माणसे आपला जीव धोक्यात घालून एका सत्तावीस वर्षांच्या पोराला तीन आकडे सांगत होती. त्यांचे मुख्य आरेखक सर्गेई कोरोल्योव स्वतः १९३८ साली खोट्या आरोपाखाली पकडले गेले होते आणि कोलिमाच्या छावणीत दात गमावून आले होते. त्या राज्यात नियम मोडण्याची किंमत डोळ्यांसमोर वावरत होती. अशा ठिकाणी मायेपोटी नियम मोडणारा माणूस मूर्ख आहे, आणि माझ्या लेखी अंतराळयुगातला तो सर्वांत सुंदर मूर्खपणा आहे.

त्याच सकाळी, १२ एप्रिल १९६१ रोजी, दार नीट बसल्याचा संकेत येईना. सगळे तीसच्या तीस बोल्ट काढून पुन्हा आवळावे लागले. आत गागारिन शांत होता, शीळ घालत होता. त्याला माहीत होते की आदल्या डिसेंबरात याच जातीची दोन उड्डाणे फसली होती आणि त्यातल्या एकातल्या दोन्ही कुत्र्या मेल्या होत्या. यानाला वेग कमी करून खाली आणणारे इंजिन एकच होते. त्याला जोडीदार नव्हता. ते चाललेच नाही तर यान दहा दिवसांत आपोआप खाली घसरेल, असा हिशोब करून दहा दिवसांचे अन्न ठेवले होते. पण खालचे रॉकेट ठरल्यापेक्षा जास्त वेळ चालले आणि यान ठरल्यापेक्षा बऱ्याच उंच कक्षेत गेले, म्हणजे तो हिशोबही मोडला. इंजिन चालले. परतीच्या वाटेवर मागचा भाग पूर्ण सुटेना. तारांच्या जुडग्याने तो लटकत राहिला आणि यान गरगरत राहिले, तारा जळेपर्यंत. गागारिनने खाली कळवले की सगळे ठीक आहे. सात किलोमीटरवर तो खुर्चीसह बाहेर फेकला गेला आणि छत्रीने सारातोव प्रांतातल्या शेतात उतरला, बटाटे लावणाऱ्या एका आजी आणि नातीच्या समोर. एकूण १०८ मिनिटे.

विक्रम नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम होता की वैमानिकाने आपल्या यानातच उतरले पाहिजे. म्हणून सोव्हिएत सरकारने ती उडी अनेक वर्षे लपवली. सात किलोमीटरवरून उतरलेल्या माणसाच्या धैर्याला कमीपणा येईल, असे त्या अधिकाऱ्यांना वाटले. समर्थांच्या पढतमूर्खांच्या समासात ही मंडळी चपखल बसतात.

अमेरिकेने तीन आठवड्यांनी, ५ मे रोजी, ॲलन शेपर्डला पाठवले. उड्डाण पंधरा मिनिटांचे म्हणून लघवीची सोय कोणी केली नव्हती, आणि शेपर्ड रॉकेटच्या टोकावर चार तासांहून जास्त अडकून पडला. अखेर त्याने पोशाखातच मोकळे होण्याची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि तो तसाच ओल्या पोशाखात वर गेला. त्यानंतर वीस दिवसांनी, २५ मे रोजी, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी दशक संपण्यापूर्वी चंद्रावर माणूस उतरवण्याचा संकल्प मांडला. अमेरिकेचा तोवरचा माणूस पाठवण्याचा सगळा अनुभव म्हणजे शेपर्डची ती पंधरा मिनिटे. हिशेबनिसाने त्या क्षणी राजीनामा द्यावा असा तो संकल्प होता, आणि तो पुरा झाला.

अभियंत्यांमधला माझा आवडता मूर्ख कॉन्स्टंटिन फिओक्तिस्तोव. युद्धात पोरवयात टेहळणी करताना जर्मनांनी त्याला पकडून गोळी घातली. मेला समजून सोडला आणि तो खड्ड्यातून रांगत बाहेर आला. पुढे तो व्होस्तोकच्या आराखड्यावर काम करणारा अभियंता झाला. अमेरिका दोन माणसे एका यानात पाठवणार असे दिसताच वरून हुकूम आला की आपण तीन पाठवायची. यान तेच, एका माणसाचे. तिघे मावण्यासाठी बाहेर फेकणारी खुर्ची काढली, अंतराळपोशाख काढले, उड्डाणाच्या वेळी काही झाले तर सुटायची वाटही उरली नाही. १२ ऑक्टोबर १९६४ रोजी व्होसखोद १ मधून साध्या लोकरी पोशाखात तीन माणसे वर गेली आणि त्यांतला एक फिओक्तिस्तोव होता. आपण आखलेल्या धोक्यात तो स्वतः जाऊन बसला. हुकूम देणाऱ्यांपैकी कोणी बसले नाही.

पुढच्या मार्चमध्ये अलेक्सेई लिओनोव यानाबाहेर पडला. त्याआधी तेच काम तपासायला सोडलेले निर्मनुष्य यान कक्षेत स्फोटाने नष्ट झाले होते आणि चाचणी अर्धवट राहिली होती. लिओनोव आणि पावेल बेल्यायेव तरीही तयार झाले. १८ मार्च १९६५ रोजी लिओनोव बारा मिनिटे पोकळीत तरंगला. आत यायची वेळ झाली तेव्हा कळले की पोशाख फुगून ताठ झाला आहे, बोटे हातमोज्यांतून आणि पाय बुटांतून सुटले आहेत. मीटरभर रुंदीच्या नळीत आधी पाय घालायचे ठरले होते. ते शक्यच नव्हते. त्याने खाली न विचारता पोशाखातला दाब कमी केला, डोके पुढे करून आत शिरला आणि त्या नळीत अंग मुडपून वळला. दाब जास्त उतरला असता तर रक्तात वायूचे बुडबुडे झाले असते. नंतर यान आपोआप उतरेना, बेल्यायेवने हाताने उतरवले, आणि दोघे ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर बर्फाच्या जंगलात पडले. दोन रात्री तिथे काढून ते स्कीवरून बाहेर आले. वर हाताने चालवणाऱ्याचे डोके ठिकाणावर राहील का, या प्रश्नाचे उत्तर बेल्यायेवने दिले.

इथवर ज्यांची नावे मी कौतुकाने घेतली, त्या सगळ्यांनी डावावर स्वतःला लावले. आता ज्या मूर्खपणाबद्दल बोलायचे आहे तो दुसऱ्याला डावावर लावतो. त्याची स्तुती मला जमणार नाही.

ऑक्टोबर १९५७ मध्ये पहिला स्पुटनिक गेला. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांना क्रांतीच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी, ७ नोव्हेंबरपर्यंत, आणखी काहीतरी हवे होते. चार आठवडेही हातात नव्हते. परत आणायची यंत्रणा बनवायला वेळ नव्हता, म्हणून परत न आणता मॉस्कोच्या रस्त्यावरची एक भटकी कुत्री ३ नोव्हेंबरला पाठवली. लायका काही तासांतच उष्णतेने मेली. ती कित्येक दिवस सुखात होती असे जगाला सांगण्यात आले आणि खरे काय ते २००२ साली बाहेर आले. त्या कामातले शास्त्रज्ञ ओलेग गाझेन्को यांनी १९९८ मध्ये उघड खंत व्यक्त केली, की तिच्या मरणाचे समर्थन होईल एवढे आपल्याला त्यातून कळले नाही. कॅलेंडरावरच्या तारखेपायी गेलेला हा पहिला जीव.

मग अंतराळवीर होण्याचा सराव करणारा व्हॅलेंटिन बोंदारेन्को. गागारिनच्या उड्डाणाआधी तीन आठवडे, २३ मार्च १९६१ रोजी, ऑक्सिजनने भरलेल्या सरावखोलीत त्याने अंग पुसलेला स्पिरिटचा बोळा टाकला आणि तो तापल्या शेगडीवर पडला. चोवीस वर्षांचा तो तरुण काही तासांत गेला. सरकारने ही गोष्ट १९८६ पर्यंत दडवली. दरम्यान २७ जानेवारी १९६७ रोजी केप केनेडीच्या तळावर, जमिनीवर उभ्या असलेल्या अपोलो यानात, दाबाने भरलेल्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली आणि गस ग्रिसम, एड व्हाइट, रॉजर चॅफी त्या आगीत गेले. आत उघडणारे दार उघडायला दीड मिनिट लागे. त्यांच्याकडे तेवढा वेळ नव्हता. ती चाचणी धोकादायक समजलीच गेली नव्हती, कारण रॉकेटमध्ये इंधन नव्हते. पाच दिवस आधी ग्रिसमने घरच्या झाडाचे लिंबू नेऊन सरावयानावर टांगले होते. अमेरिकेत कुचकामी यंत्राला लिंबू म्हणतात. तो सांगत होता, आणि कोणी ऐकले नाही.

तीनच महिन्यांनी व्लादिमिर कोमारोव. नव्या सोयुझ यानाच्या निर्मनुष्य चाचण्या एकामागून एक बिघडल्या होत्या. पण क्रांतीचे पन्नासावे वर्ष चालू होते, मे दिन तोंडावर होता, आणि २३ एप्रिल १९६७ रोजी यान सोडले. वर गेल्यावर सौरऊर्जेचा एक पंखाच उघडेना. कोमारोवने ते बिघडलेले यान हाताने नीट वळवून परतीला लावले. वैमानिकाने करायचे ते सगळे त्याने केले. मग मुख्य छत्री पेटीतून निघाली नाही आणि राखीव छत्री गुंतली. त्या उड्डाणाचा राखीव अंतराळवीर गागारिन होता.

पोशाखांशिवाय तिघांना पाठवण्याचा व्होसखोदचा जुगार १९६४ साली लागला होता, आणि लागलेला जुगारच सर्वांत वाईट शिक्षक असतो. ३० जून १९७१ रोजी सोयुझ ११ परतताना एक झडप वेळेआधी उघडली आणि यानातली हवा निघून गेली. यान ठरल्याप्रमाणे अलगद उतरले. दोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव आणि पात्सायेव आत मृत होते. पोशाख कोणाच्याच अंगात नव्हते, कारण पोशाखांसह तिघे मावत नव्हते. त्यानंतर १९८० पर्यंत सोयुझमधून दोघेच जात, पोशाख घालून. १९८४ साली राकेश शर्मा गेले ते पोशाखाच्या या नियमाच्या आधाराने. त्यांच्या अंगावरच्या पोशाखामागे ही तीन माणसे उभी आहेत.

आपल्या गगनयानाची घोषणा १५ ऑगस्ट २०१८ रोजी लाल किल्ल्यावरून झाली आणि स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीपर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत, भारतीय माणूस वर जाईल असे सांगितले गेले. पंचाहत्तरी झाली, माणूस गेला नाही. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याला फक्त सुटकेच्या यंत्रणेची चाचणी होती. उड्डाणाच्या ठरल्या वेळेच्या पाच सेकंद आधी संगणकाने ती थांबवली, बिघाड शोधला गेला आणि मग उड्डाण झाले. सगळा देश पडद्यावर बघत असताना थांबता येणे, ही मी वर सांगितलेल्या किमतीतून शिकलेली गोष्ट आहे. चौघा वैमानिकांनी त्या टोकावर बसायची तयारी दाखवली आहे, ते आपले मूर्ख आहेत आणि आपण त्यांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. गगनयानाची तारीख पुढे गेल्याची बातमी पुन्हा वाचाल, तेव्हा नाराज होऊ नका. ती वरच्या खुर्चीत बसणाऱ्याच्या वाट्याची बातमी आहे, आणि चांगली आहे.